इंजिनाचा घसा

साडूभाऊ, भांडण अर्धवट टाकून निघून जायची ही कुठली रीत झाली? भाव चाललेला असताना समोरचा माणूस मध्येच उठून गेला की माझं डोकं फिरतं, हे तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं. तरी तुम्ही तेच केलंत.

आपलं ठरलं होतं. येत्या रविवारी इंजिन उघडायचं. आत पाणी गेल्याची खूण निघाली तर मी चुकलो, तुमचं सोल्डरिंग सुटलेलं निघालं तर तुम्ही चुकलात, आणि जो चुकला त्यानं घरच्या सगळ्यांसमोर कबूल करायचं. दसऱ्यापासून मागे लागलो होतो, तेव्हा कुठे संक्रांतीनंतर तुम्ही "बघू" म्हणालात. आणि रविवार उजाडायच्या आधीच तुमच्या घरून शोभाताईंचा फोन आला. अंबडहून नाशिक रोडला मी कसा पोचलो ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की तुम्हाला हॉलमध्ये खाली निजवलं होतं आणि वर शोकेसमध्ये ते काळं इंजिन गप्प उभं होतं. मला रडू यायच्या आधी राग आला. आता याचा निकाल कोण लावणार?

तुमचा अजित म्हणाला, "काका, महिन्याच्या दिवशी बाबांवर छोटी पुस्तिका काढतोय. चार शब्द लिहून द्या." मी म्हटलं, मला लेख लिहिता येत नाही, कोटेशन लिहिता येतं. तो म्हणाला, "मग कोटेशनसारखं लिहा." तुम्ही कुठे जन्मलात, कुठे नोकरी केलीत, किती मनमिळाऊ होतात, हे बाकीचे लिहितील. मनमिळाऊ तुम्ही नव्हतातच. मी इंजिनाचं लिहितो.

निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, हास्यक्लबात हात वर करून हसतात. तुम्ही पितळेचा पत्रा आणलात. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं कागदावर काढली, आता एक स्वतःच्या हातानं करतो म्हणालात, आणि जेवणाच्या टेबलावर वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करायला बसलात. हातभर लांब. मोटर आणि चाकं विकतची, बाकी सगळं तुमच्या कानशीखालून गेलेलं: बॉयलर, धुराडं, ड्रायव्हरची केबिन, मागचा कोळशाचा डबा. रिव्हेट दिसावेत म्हणून पत्र्याला मागून टोचून काढलेले बारीक उठाव. ते टेबल तुम्ही कैक वर्षं अडवून ठेवलंत. ताई ताटं घेऊन खाली बसायला लागल्या, पण एका शब्दानं बोलल्या नाहीत.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा इंजिन गोल रुळांवर फिरत होतं आणि आवाज कसला, तर शेजारच्या घरात मिक्सर चालू असल्यासारखा. मी विचारलं, "दिवा लागत नाही?"

"नाही."

"शिट्टी?"

"शेठ, हे मॉडेल आहे. जत्रेतलं खेळणं नाही."

शेठ. मी सिन्नरहून एका पिशवीत कपडे घेऊन आलो, अंबडला दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारला, आणि पुढे बंद पडलेल्या कारखान्यांतली जुनी मशिनं घेऊन, दुरुस्त करून विकायचा स्वतःचा धंदा उभा केला. बाजारात लोक मला आदरानं शेठ म्हणतात. तुम्ही म्हणालात की ती शिवी व्हायची. सासऱ्यांच्या दोन मुली, थोरली शोभाताई तुमच्या घरात, धाकटी मंगल माझ्या. त्यामुळे थोरले जावई तुम्ही, सासुरवाडीला ताटाभोवती रांगोळी तुमच्या, आणि "हे आमचे साडू, जुन्या लोखंडात असतात" अशी चारचौघांत माझी ओळख करून देणारेही तुम्हीच. जुन्या लोखंडात असतात. जसं काही मला तिथे पुरून ठेवलंय.

पण ते इंजिन मला फार आवडलं होतं. तेव्हा बोललो नाही, आता सांगतो. आवडलं होतं म्हणूनच त्याचं गप्प फिरणं बघवत नव्हतं. तुमची पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा ठरवलं, आहेर करायचा तो याच इंजिनाला. हल्ली अशा इंजिनात बोटाच्या पेराएवढी चिप बसवतात. रुळांत वीज कायम खेळत असते, हातातल्या कंट्रोलरवरून हुकूम सुटतो आणि इंजिन तो ऐकतं. दिवा लाव, वाफ सोड, शिट्टी मार. आवाज खऱ्या इंजिनाचे, चिपमध्ये भरून ठेवलेले. छोटासा स्पीकर कोळशाच्या डब्यात लपवायचा. पुण्यातल्या एका विक्रेत्याकडे हे सगळं मिळतं असं कळलं. त्याच्याशी फोनवर मी इतका भाव केला की शेवटी तो म्हणाला, "काका, म्हणाल त्या भावात घ्या, पण परत फोन करू नका."

तुम्ही खोकं उघडून बघितलंत आणि पहिला शब्द काढलात तो "नको." ताई म्हणाल्या, "अहो, एवढ्या हौसेनं आणलंय त्यांनी." मग तुम्ही एकदा ताईंकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे, आणि चष्मा पुसायला घेतलात.

पंचाहत्तरीच्या आधीचे ते सगळे रविवार आपण त्या टेबलावर घालवले. पुढच्या दिव्याच्या पोकळीत तांदळाएवढा एलईडी बसवायचा होता. मी आणलेला तुम्ही लावून बघितलात आणि म्हणालात, "हा मोबाइलचा उजेड झाला. वाफेच्या इंजिनाला असला पांढराफटक दिवा असतो का?"

"उजेड तो उजेड," मी म्हटलं.

"म्हणूनच तुमच्या गोडाऊनमध्ये माणसं आजारी दिसतात."

पिवळसर दिवा मागवायला लावलात. तो आल्यावर त्यावर पातळ केशरी रंगाचा एक हात दिलात, तेव्हा कुठे तुमचं समाधान झालं. मला काम काय, तर बॅटरी धरून उभं राहायचं. "इकडे नाही, इकडे. शेठ, तुम्ही माझ्या कानात उजेड पाडताय." माझी बोटं जाड, त्या केसासारख्या तारा माझ्या चिमटीत राहायच्या नाहीत. तुमचे हात थरथरायचे, ते मला दिसायचं. सोल्डरिंगचं टोक तारेला टेकवताना तुम्ही श्वास रोखायचात. मीही रोखायचो. ताई म्हणतात, रविवारी घरात तेवढीच काय ती शांतता असायची.

भट्टीचा दिवा पहिल्यांदा लागला ती संध्याकाळ मात्र मी कोणाला विकणार नाही. केबिनच्या आत, भट्टीच्या दाराशी दोन बारीक दिवे, एक लाल, एक पिवळा, आपोआप कमीजास्त होणारे. तुम्ही उठून हॉलमधला दिवा मालवलात. त्या एवढ्याशा केबिनमध्ये निखारे फुलत होते आणि तुमच्या चष्म्याच्या काचांतही फुलत होते. तुम्ही वाकून केबिनच्या खिडकीशी डोळा नेलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "कोळसा टाका, शेठ."

त्या एका वेळी ती शिवी नव्हती.

पंचाहत्तरीला औक्षण झालं, पेढे वाटले, आणि मी हॉलमध्ये रुळांवर इंजिन ठेवून सगळ्यांसमोर बटण दाबलं. शिट्टी वाजली. टाळ्या पडल्या. तुम्ही म्हणालात, "वा." एवढंच. मी ते "वा" घेऊन घरी गेलो. रस्ताभर मंगलला सांगत होतो, बघ, तुझ्या दाजींनी जन्मात पहिल्यांदा माझ्या वस्तूला वा म्हटलं. मंगल म्हणाली, "गाडी नीट चालवा."

मग आला दसरा. खंडेनवमीला मी गोडाऊनमधल्या झाडून सगळ्या मशिनांची पूजा करतो. लेथ असो, ड्रिल असो, नाही तर उद्या भंगारात जाणारी मोटर असो, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि वर चार थेंब पाणी. दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला तुमच्याकडे आलो तर इंजिन शोकेसमध्ये तसंच, कपाळ रिकामं. मी म्हटलं, "साडूभाऊ, ज्याला मोटर आहे त्याची आज पूजा व्हायला पाहिजे."

"पंख्यालाही मोटर आहे. शिडी देऊ?"

मी ऐकलं नाही. धुराड्याखाली हळदकुंकवाची बोटं टेकवली, झेंडू ठेवला, फुलानं थेंब शिंपडले. थेंब म्हणतोय मी, बादली नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. "शेठ, तुमच्या तीर्थानं इंजिनाचा घसा बसला."

"म्हणजे?"

"चालतंय. दिवे लागतायत. आवाज बंद."

त्यानंतर तुम्ही तो किस्सा सगळ्या गोतावळ्यात फिरवलात. दिवाळीच्या फराळाला, लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. "आमच्या साडूंनी इंजिनाला अंघोळ घातली." पुढे अंघोळीचा अभिषेक झाला. मी सांगून सांगून दमलो, की पाणी पुढे शिंपडलं, स्पीकर मागच्या डब्यात, पाण्याला तिथे जायला वाट नाही. सुटली असेल तर तुमची तार सुटली असेल. तुम्ही म्हणायचात, "माझी तार सुटत नाही." मी दर रविवारी खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचो आणि तुम्ही दर रविवारी नवीन काहीतरी काढायचात. "स्क्रूचे आटे जातील." "आज चष्मा सापडत नाहीये." "आधी चहा घ्या, गार होतोय." स्वतःच्या कामाची एवढी खात्री असलेला माणूस उघडून बघायला का घाबरतो, असं मी एकदा तोंडावर विचारलं. तुम्ही हसलात. त्या हसण्यानं माझी झोप उडाली होती, साडूभाऊ.

आणि दहाव्याला तर कहर झाला.

गोदाकाठी तुमचा पिंड ठेवला. कावळ्यांना तोटा नव्हता. आजूबाजूच्या लोकांचे पिंड शिवले जात होते, तुमच्याकडे एक फिरकेना. मग एकेकानं पुढे होऊन तुम्हाला शब्द द्यायला सुरुवात केली. अजित म्हणाला, आईला पुण्याला घेऊन जाईन. ताईंना पुण्याला जायचंच नाहीये, त्यामुळे कावळ्यानं ते मनावर घेतलं नाही हे बरंच झालं. मंगल म्हणाली, दाजी, ताईची काळजी करू नका, मी आहे. भिंतीवर एक कावळा मान तिरकी करून बसला होता. माझं म्हणणं ऐकताना तुम्ही बसायचात, अगदी तसा.

तेवढ्यात तुमचे धाकटे बंधू दत्तूभाऊ, जे खास सिन्नरहून आले होते, माझ्याजवळ सरकले. "संपतराव, दादाचा जीव त्या इंजनात अडकलाय. कबूल करून टाका."

"काय कबूल करू?"

"पानी तुमचं व्हतं म्हनून."

"दत्तूभाऊ, कावळ्याला सोल्डरिंगमधलं काय कळतं?"

"कावळ्याला नाय कळत, दादाला कळतंय. लय ताणू नका, ऊन चढलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जणू मीच कावळ्याला धरून ठेवलं होतं. मी पुढे झालो, हात जोडले आणि म्हटलं, "साडूभाऊ, निम्मं पाणी, निम्मं तुमचं सोल्डरिंग. मिटवून टाका."

कावळा उडाला आणि शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर जाऊन बसला.

मागे कोणीतरी हसलं. "बरं, पाऊण माझं," मी म्हटलं. गुरुजी म्हणाले, "अहो, इथे घासाघीस चालत नाही. मागे लोक खोळंबलेत." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. दत्तूभाऊंनी त्या क्षणापासून माझ्याकडे पाठ केली. गाडीत मंगल म्हणाली, "एकदा हो म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"एकदा हो म्हटलं की तोच भाव कायम होतो."



म्हणजे माझी अवस्था बघा. ज्याच्या हट्टापायी साडूचा पिंड शिवला गेला नाही असा माणूस, ही माझी ओळख झाली. जुनं लोखंड त्यापेक्षा बरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तुमच्याकडे गेलो आणि ताईंना म्हटलं, इंजिन उघडतो. तेराव्याला सगळे परत जमतील, त्याआधी मला पुरावा हवाय. ताई म्हणाल्या, "आत्ताच कशाला? राहू द्या ना." मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि इंजिनाच्या पोटातले स्क्रू सोडवले. आटे बिटे काही गेले नाहीत.

आत ठणठणीत कोरडं. चिपवर डाग नाही, कुठे गंज नाही. मी जिंकलो होतो. मग तुमचं सोल्डरिंग तपासलं. एक तार सुटलेली नाही. एकेक सांधा मोत्यासारखा. तुमचे ते थरथरणारे हात आठवले आणि मला थोडा वेळ काही दिसेना. पण मग प्रश्न उरलाच. मी नाही, तुम्ही नाही, तर आवाज गेला कुठे?

पुण्याच्या विक्रेत्याला फोन लावला. "बोला काका," तो घाबरतच म्हणाला.

"तुमची चिप खराब निघाली. दिवे लागतात, आवाज नाही."

"नाशिक रोडचं इंजिन ना? खराब नाही झालेली काका. आवाज बंद करून ठेवलाय. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉल्यूम शून्य केलाय."

"कोणी?"

"ज्यांचं इंजिन आहे त्यांनीच. दसऱ्याला संध्याकाळी मलाच फोन करून विचारलं होतं, कसं करायचं ते."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर वर्तमानपत्रावर ठेवला. तो गप्प होईना. "ते विचारत होते, आपल्याकडच्या जुन्या इंजिनाची शिट्टी यात भरता येईल का. मी म्हटलं येईल, चिप काढून पाठवा. तर म्हणाले, नको, साडूंच्या लक्षात येईल. काका, मी तुम्हाला तेव्हाच बोललो होतो, तुम्ही घेताय त्या चिपमध्ये परदेशी इंजिनाचा आवाज आहे. म्हणून तर त्या भावात दिली."

"फरक कोणाला कळत नाही, असंही बोलला होतात."

"हो. बहुतेकांना नाहीच कळत."

फोन ठेवला तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं, यांना पहिल्यापासून ठाऊक आहे.

"ताई, काल तुम्ही तिथे होतात. सगळे मला बोलत होते. कावळा येत नव्हता. तुम्ही एक शब्द काढला नाहीत."

"काय सांगणार होते? संपतरावांचा आहेर यांना आवडला नव्हता, असं? पिंडासमोर?"

"आवडला नव्हता तर त्यांनी सरळ सांगायचं."

"सांगितलं होतं की एकदा," ताई म्हणाल्या. "घड्याळाच्या वेळी."

घड्याळ. ते मी विसरलो होतो असं म्हणणार होतो, पण विसरलो नव्हतो. तुमच्या या घराच्या वास्तुशांतीला मी भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं होतं, दर तासाला धून वाजवणारं. तुम्ही पाहुण्यांदेखत म्हणालात, "शेठ, हे घड्याळ आहे की देवळातली घंटा?" आणि त्यातले सेल काढून ठेवलेत. मी भरल्या पानावरून उठलो. मंगलला हाताला धरून रिक्षात बसवलं. त्यानंतर दोन वर्षं मी तुमच्या घराची पायरी चढलो नाही. मंगल बहिणीला चोरून भेटायची आणि मला ते माहीत असून मी माहीत नसल्यासारखं करायचो. ती दोन वर्षं म्हणजे मी तुम्हाला घडवलेली अद्दल, अशी माझी समजूत होती.

"त्या दोन वर्षांत रविवारी दार वाजलं की हे उठून बघायचे," ताई म्हणाल्या. "दसऱ्याला तुम्ही पूजा करून गेलात आणि म्हणाले, शोभा, बरं झालं, आता पाण्यावर ढकलतो. पाण्याचं बोललो तर संपत भांडायला येईल. आहेराचं बोललो तर यायचाच नाही."

माझ्या माघारी तुम्ही मला नुसतं संपत म्हणायचात, हे मला त्या दिवशी कळलं.

मला काय सुचलं, तर राग. विक्रेत्याला पुन्हा फोन करून सेटिंग विचारलं आणि आवाज पूर्ण वाढवला. बटण दाबलं. आधी वाफेचे फुत्कार, मग ती शिट्टी, लांबलचक, बसकी, चार सूर एकदम लावल्यासारखी. ताईंनी पूर्ण ऐकून घेतली. मग पदर तोंडाला लावला. "खरंच वाईट आहे हो," त्या म्हणाल्या. "म्हशीच्या पोटात दुखतंय असं वाटतं." आणि हसायला लागल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्यांचं रडणं कधी झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

मला तो आवाज चांगला वाटतो. आजही वाटतो. लिहून ठेवतो, म्हणजे वाद नको.

तेराव्याला मी पुरावा घेऊन तयार होतो. पानं मांडायच्या आधी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, इंजिन रुळांवर ठेवलं. "दत्तूभाऊ, पुढे या. नीट ऐका. पाण्यानं याला काहीही झालेलं नाही." आणि बटण दाबलं. शिट्टीनं हॉल भरून गेला, शोकेसच्या काचा थरथरल्या. ती संपली. दत्तूभाऊंनी कानांवरचे हात खाली घेतले.

"आरं देवा," ते हळहळून म्हणाले. "पान्यानं पार वाट लावली की वो याची. पयलं किती ग्वाड वाजायचं."

पहिल्यांदा हेच वाजलं होतं, साडूभाऊ. पंचाहत्तरीला याच माणसानं याच शिट्टीला सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या होत्या.

मी तोंड उघडलं. चिप कोरडी आहे, आवाज पहिल्यापासून असाच आहे, एवढंच सांगायचं होतं. म्हणजे काय सांगायचं होतं, तर मी आणलेला आहेरच असा होता. ताई भाताचं पातेलं हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. जन्मभर मी समोरच्याला अशा कोपऱ्यात आणून उभं केलंय, की त्याला दोनच वाटा राहतात आणि दोन्ही महागाच्या. त्या दिवशी कोपऱ्यात मी होतो. आणि दोन्हींतली मला झेपेल ती वाट कुठली, हे तुम्ही दसऱ्यालाच ओळखून मला तिच्यावर उभं करून ठेवलं होतं.

"हो," मी म्हणालो. "पाणी माझंच होतं."

दत्तूभाऊंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "सुटला दादा," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या शेजारच्या पानावर बसवून घेतलं. जेवताना मंगलनं मला आग्रह करून वाढलं. सगळे माझ्यावर खूश होते. मी भात नुसता चिवडत बसलो.

महिना होत आला. ते मला अजून डाचतंय. मी पाणी कबूल केलं ते तुमच्यासाठी नव्हे, आहेराची लाज वाटली म्हणून. तुमच्या नावावर मात्र एक खोटं राहिलंय, आणि ते तुम्हाला माझ्या तापट डोक्यापायी बोलावं लागलं, तेव्हा ते काढायचं कामही माझंच. तर दत्तूभाऊ, आणि बाकी जे वाचत असतील ते, खरी गोष्ट अशी आहे: पाण्यानं काही झालं नव्हतं. साडूभाऊंना माझा आहेर आवडला नव्हता.

लिहिलं. हाताला काही झालं नाही.

येत्या रविवारी बघू म्हणालात तेव्हा तुमच्या मनात काय होतं, ते आता मला कळणार नाही. पुन्हा चष्मा हरवणार होतात, की सांगणार होतात? सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, ते मात्र मला चांगलं ठाऊक आहे. दसऱ्यालाच सरळ सांगितलं असतंत, तर आपट्याची पानं टेबलावर टाकून मी उठलो असतो आणि दोन वर्षं आलो नसतो. पंचाहत्तरीच्या माणसाला दोन वर्षं परवडत नाहीत, हा हिशेब तुम्ही केला होता. मी केला नव्हता. ताईंचा फोन आला तेव्हा मी अंबडला रुसून बसलेलो असतो.

सरळ बोलायला काय झालं होतं, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे. आणि सरळ बोलला नाहीत म्हणून शेवटचे ते सगळे रविवार मला मिळाले, हेही आता मलाच लिहावं लागतंय. साडूभाऊ, मला या दोन्हींचा सारखाच राग येतो.